पडलेलं नाही, पाडलेलं भोक: जुन्या गाडीच्या वॉटर पंपाविषयी

पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळ मागं पडलं आणि चढ लागला, की आमच्या अँबॅसिडरचा टेंपरेचरचा काटा उजवीकडं सरकायला लागायचा. गाडी वडिलांची, १९७८ची मार्क थ्री. एका एप्रिलात दुपारी मागच्या सीटवर आई आणि मावशी, डिकीत भडंगाचा डबा आणि बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ, अशा थाटात आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. खाली वाकून बघितलं तर फॅनच्या मागून थेंब थेंब पाणी गळत होतं.

वाटेतल्या एका गॅरेजवाल्यानं बोट घालून जागा शोधली. पंपाच्या पोटाखाली शेंगदाणाही जाणार नाही एवढं भोक. "पंपाला भोक पडलंय," म्हणाला, आणि त्यात इपॉक्सी पुट्टी दाबून भरली. गळती थांबली. आम्ही खूश. पंधरा दिवसांनी इंजिनाच्या तोंडाकडून पिठाच्या गिरणीसारखी घरघर सुरू झाली. फॅन हातानं हलवला तर पडायला आलेल्या दातासारखा हलत होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पंप उतरवला आणि सगळ्यात आधी खिळ्यानं ती पुट्टी उकरून काढली. मग मला ते भोक दाखवत म्हणाले, "हे पडल्यालं न्हाई, पाडल्यालं हाय. कंपनीनंच. बुजवू नगासा."

त्या भोकाचं काम कळलं की अख्खा वॉटर पंप कळतो. म्हणून आधी पंप.

पेट्रोल जळतं तेव्हा त्यातल्या उष्णतेचा साधारण पाव भागच चाकापर्यंत पोचतो. बाकीची काही सायलेन्सरमधून जाते, आणि जवळपास चाकाला मिळते तेवढीच सिलिंडरच्या भिंतीतून पाण्यात उतरते. आमचं इंजिन १४८९ सीसीचं. इंग्लंडच्या बीएमसी कंपनीची ही बी-सिरीज हिंदुस्थान मोटर्सनं उत्तरपाड्यात वर्षानुवर्षं बनवली. चढावर ते २५ हॉर्सपॉवर देत असेल तर तेवढीच, म्हणजे १८ किलोवॅटच्या घरातली उष्णता पाण्यात जाते. आंघोळीचं पाणी तापवायचा १५०० वॅटचा हीटिंग रॉड घरात असेलच. तसले बारा रॉड एकाच बादलीत सोडले आणि सगळे एकदम चालू केले असं समजा. ते पाणी सतत पुढं ढकललं, रेडिएटरमधून गार करून परत आणलं, तरच इंजिन तगतं. एका जागी थांबलं की काही मिनिटांत उकळी.

हे ढकलायचं काम वॉटर पंपाचं. गॅरेजात काही जण त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात, ट्रॅक्टरवाले तर हमखास.

कोल्हापूरच्या माणसाला हा पंप समजावणं सोपं आहे. कारण पंचगंगेच्या नाहीतर भोगावतीच्या काठावर ज्याचा ऊस आहे, त्यानं याचा थोरला भाऊ आयुष्यभर सांभाळलेला असतो. नदीवरची मोटर आणि गाडीचा पंप यांची जात एकच. मधे इंपेलर, म्हणजे पाती असलेली चकती. ती फिरली की मधलं पाणी गरगरत कडेला फेकलं जातं, मधली जागा भरायला मागून नवीन पाणी येतं. फरक दोनच. नदीवरची मोटर विजेवर चालते, गाडीचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर. जो फॅनबेल्ट बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो फिरवतो, तोच पंपाची पुली फिरवतो आणि त्याच पुलीला पुढं फॅन बोल्टनं बांधलेला असतो. दुसरा फरक असा, की मोटर पाणी खालून वर चढवते, तर गाडीत पाण्याचं बंद चक्र असतं. रेडिएटरच्या खालच्या होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, गार पाणी पंपात, पंपातून ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या धडात, सिलिंडरभोवती, तिथून वर हेडमध्ये, म्हणजे धडावरच्या झाकणात, आणि पाणी तापल्यावर उघडणाऱ्या थर्मोस्टॅट नावाच्या झडपेतून वरच्या होजनं परत रेडिएटरमध्ये. पंप फक्त ते फिरतं ठेवतो.

पंपाशिवायही गाड्या चालत होत्या. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये, अगदी सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर, पंप नव्हताच. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर जातं आणि गार पाणी खाली येतं, एवढ्यावर ती भागवायची. त्याला रेडिएटर मोठा लागतो आणि इंजिनानं फार जोर करून चालत नाही.

आता ते भोक. पंपाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, अर्धा कोरड्यात आणि अर्धा पाण्यात असतो. पुढच्या टोकाला पुली, मग शाफ्टला गोळ्यांवर अलगद फिरू देणारं बेअरिंग, मग थोडी मोकळी जागा, मग सील आणि मागच्या टोकाला पाण्यात बुडालेला इंपेलर. बेअरिंगला ग्रीस हवं, पाणी अजिबात नको. इंपेलर तर पाण्यातच. दोघांच्या मधे राखणीला सील. नदीवरच्या जुन्या पंपाला ग्लँड असते, तिच्यात दोर भरतात आणि थोडं पाणी गळू देतात. नव्या मोनोब्लॉकमध्ये, म्हणजे मोटर आणि पंप एकाच अंगात असतात त्यात, मेकॅनिकल सील असतं. गाडीतही तेच असतं: स्प्रिंगनं दाबून धरलेली कार्बनची गुळगुळीत कडी दुसऱ्या गुळगुळीत पृष्ठावर घासत फिरते. घासते म्हणायचं, पण दोघींच्या मधे पाण्याचा केसापेक्षाही पातळ थर असतो आणि तोच तिचं वंगण. म्हणूनच पाणी न भरता "जरा चालू करून बघू" म्हणून इंजिन सुरू केलं की कोरडी कडी पहिल्या मिनिटातच करपते.

सील कधी ना कधी झिजणार, हे पंप बनवणाऱ्याला ठाऊक होतं. झिजल्यावर पाणी पुढं सरकणार, आणि पुढं बेअरिंग. म्हणून त्यानं मधल्या मोकळ्या जागेच्या तळाला भोक पाडून ठेवलं. पाणी बेअरिंगपर्यंत पोचण्याआधी खाली रस्त्यावर पडावं आणि मालकाला दिसावं. आमच्या गाडीचं भोक बुजवल्यावर पाण्याला दुसरी वाटच उरली नाही. ते बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस धुऊन गेलं, गोळ्या गंजल्या आणि गिरणी सुरू झाली. नुसतं सील बदलून भागलं असतं, तिथं बेअरिंगही घालावं लागलं.

नवीन सील बसवल्यावर पहिल्या दिवशी एखाददुसरा थेंब पडला तर घाबरायचं कारण नाही. कार्बनची कडी घासून जागेवर बसायला थोडा वेळ घेते. पण रोज सकाळी गाडीखाली डाग दिसायला लागला, किंवा भोकाखाली पांढरा-हिरवा क्षार साचून ओघळ दिसला, की पंप उतरवायची वेळ झाली.

गाडी तापली म्हणजे पंपच गेला असं मात्र नाही. आधी साध्या गोष्टी बघा. इंजिन बंद करून, पूर्ण गार झाल्यावर, फॅनची वरची आणि खालची पाती धरून पुढं-मागं हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग गेलं. बेल्ट ढिला नाही ना? रेडिएटरच्या जाळीत किडे आणि उसाचं पाचट अडकलं नाही ना? गळितात मोळ्यांच्या ट्रॉल्यांमागून गाडी नेणाऱ्यांनी हे नक्की बघावं. इंजिन तापलंय, पण खालची होज गार आहे, म्हणजे पाणी फिरत नाही. दोष थर्मोस्टॅटचाही असू शकतो. म्हणून थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडायचा. ८२ डिग्रीचा असेल तर तेवढ्यावर उघडायला लागलाच पाहिजे. तो नीट उघडत असेल तर इंपेलरवर संशय घ्या. कधी कधी इंपेलर शाफ्टवर सैल होतो: पुली फिरते, फॅन फिरतो, आत चकती जागेवरच उभी. बाहेरून काहीही दिसत नाही, थेंब नाही, आवाज नाही. असला पंप भल्याभल्यांना फसवतो. आणि रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असतील किंवा डिपस्टिकवर चहासारखं तेल दिसत असेल, तर पंपाला हात लावू नका. ते हेड गॅस्केटचं, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधल्या पॅकिंगचं, दुखणं आहे.

आपल्याकडं थर्मोस्टॅट काढूनच फेकायची एक जुनी खोड आहे. "आपल्या हवेत कशाला पायजे?" मला हे पटत नाही. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन नीट तापायला फार वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडर झिजतात. खराब झाला तर नवा घाला.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी उघडतंच. त्यामागचं कारण असं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथं उघड्या भांड्यातलं पाणी ९८ डिग्रीला उकळतं, पन्हाळ्यावर ९७ला. झाकण आत दाब धरून ठेवतं, आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. ७ पौंडाचं, म्हणजे दर चौरस इंचाला ७ पौंड दाब धरणारं, झाकण असेल तर ११०च्या आसपास. आता आत १०५ डिग्रीचं पाणी आहे आणि तुम्ही झाकण फिरवलंत. दाब गेला, उकळण्याची हद्द एकदम ९८वर आली आणि सगळं पाणी एकाच वेळी उकळून तुमच्या तोंडावर. अर्धा-पाऊण तास थांबा. भडंग खा. आम्ही तेच केलं.

अँबॅसिडरचा पंप उतरवणं अवघड नाही, बॉनेटखाली कबड्डी खेळता येईल एवढी जागा असते. पाणी सोडा, पण जमिनीवर नको, घमेल्यात. त्यात कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचं गंजविरोधी रसायन, असेल तर ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटून मरतात. बॅटरीची वायर सोडवा. रेडिएटर काढा, काढला नाही तर पाना फिरवताना बोटं सोलतात आणि जाळी वाकते. डायनॅमो ढिला करून बेल्ट काढा, मग फॅन आणि पुली. डायनॅमोचा पुढचा बोल्ट पंपाच्याच बॉडीत असतो, तो विसरला की माणूस तासभर पंप ओढत बसतो. शेवटी पंपाचे ब्लॉकमधले बोल्ट.

इथंच खरी परीक्षा. बोल्ट चाळीस-पंचेचाळीस वर्षं पाणी आणि उष्णता खाऊन बसलेले असतात. लांब पाइप लावून जोर केला की बोल्टचं डोकं हातात आणि धड ब्लॉकमध्ये. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीनं दोन-चार सरळ ठोके द्या, मग आधी किंचित आवळायच्या दिशेनं आणि मग सोडायच्या दिशेनं, थोडं थोडं. बोल्टांची लांबी सारखी नसते. मिस्त्रींनी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर पेनानं पंपाचा आकार काढला आणि निघेल तो बोल्ट पुठ्ठ्यात त्याच जागी भोसकला. चुकून लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो तळाला टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पंप मात्र ढिलाच राहतो.

टेबलावर आल्यावर प्रश्न पडतो, दुरुस्त करायचा की नवा आणायचा? बाजारात नवे पंप मिळतात, काही चांगले असतात. काहींचं ओतकाम ओबडधोबड, तोंड सपाट नसलेलं आणि ते महत्त्वाचं भोक अर्धं भरलेलं. माझं मत असं, की जुनी बिडाची बॉडी तडकलेली नसेल आणि सीलची बैठक फार खाल्ली नसेल, तर जुनीच बॉडी ठेवा आणि आतलं सामान नवं घाला. हे मत कोल्हापुरात बसून देणं सोपं आहे, हेही कबूल करतो. उद्यमनगर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिनं, ओतकाम आणि लेथकाम करणाऱ्यांची वस्ती. बेअरिंगवाला, लेथवाला आणि प्रेसवाला तिघं पायी जाण्याच्या अंतरावर सापडतात. ज्या गावात दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार अजून रस्त्यावर येते, तिथं अँबॅसिडरच्या पंपाला कोण घाबरणार?

मिस्त्रींनी पुलीचा हब पुलर लावून ओढला, ठोकला नाही. बीड कठीण असतं पण ठिसूळ, ठोक्यानं त्याला केसासारखी चीर जाते आणि ती गाडी तापल्यावरच दिसते. बऱ्याच जुन्या पंपांत बेअरिंग सरकू नये म्हणून वरच्या भोकातून तारेची एक बारीक अडण घातलेली असते. ती न काढता प्रेस दाबला की बॉडी गेलीच. तार काढल्यावर बेअरिंग, शाफ्ट, सील आणि इंपेलर असा सगळा गोतावळा मागच्या बाजूनं बाहेर आला. यात बेअरिंग आणि शाफ्ट वेगळे नसतात. शाफ्टवरच खोबणी कोरून त्यात गोळ्या बसवलेल्या असतात, म्हणून दोन्ही एकदमच बदलायचं.

नवं बसवताना तीन गोष्टींवर ते अडून बसले. बेअरिंग दाबायचं ते बाहेरच्या कड्यावर, शाफ्टच्या टोकावर नाही. टोकावर दाबलं तर सगळा जोर गोळ्यांवर येतो आणि नवं बेअरिंग बसवतानाच अर्धं मरतं. बेअरिंगच्या अंगावर भोक असेल तर ते बॉडीच्या वरच्या भोकासमोर आलं पाहिजे. आणि सीलच्या कार्बनला बोट लावायचं नाही. मी सहज उचलून बघायला गेलो तर हातावर चापट बसली. "ग्रीसचं बोट लावलासा की गळालाच."

बैठकीवर गंजाचे खड्डे होते, म्हणून लेथवर एक हलका हात मारून घेतला. मग इंपेलर. तो शाफ्टवर प्रेसनं घट्ट बसवतात, पण किती आत न्यायचा याला हिशेब आहे. इंपेलर आणि बॉडी यांच्यात अर्धा ते पाऊण मिलिमीटर फट हवी. कमी ठेवली तर पाती घासतात, जास्त ठेवली तर पाणी पुढं जायच्या ऐवजी पात्यांवरून मागं घरंगळतं आणि पंप फिरतो पण ढकलत नाही. मिस्त्रींनी थोडं दाबलं, फट मोजायच्या फीलर गेजची पट्टी घातली, परत थोडं दाबलं, असं सहा-सात वेळा केलं. माझ्या देखत एवढा वेळ दुसऱ्या कशालाच लागला नाही.

पंप आणि ब्लॉकच्या मधे बसणारं पॅकिंग त्यांनी विकत आणलंच नाही. जाड पॅकिंगचा कागद पंपाच्या तोंडावर धरला आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक टकटक करत गेले. बिडाची धार कागद कापते, आकार आपोआप उमटतो आणि नको तो तुकडा गळून पडतो. बोल्टच्या भोकांवर हातोडीचं गोल डोकं ठेवून एक ठोका. पाच मिनिटांत पॅकिंग तयार, आणि ते विकतच्यापेक्षा नेमकं. फक्त ब्लॉकच्या बाजूचा जुना कागद खरवडताना घाई करायची नाही. त्याचा एक पापुद्रा राहिला तरी तिथून झिरपणार. दोन्ही तोंडं स्वच्छ आणि सपाट असतील तर शेलॅकचा पातळ हात पुरतो. ट्यूब पिळून पुरणासारखं लिंपणाऱ्यांचा जास्तीचा मसाला आत पडतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं आवळायचे. बेल्टच्या सगळ्यात लांब भागाच्या मधोमध अंगठ्यानं दाबलं तर साधारण अर्धा इंच खाली गेला पाहिजे. "डायनॅमो चार्ज व्हईना" म्हणून बेल्ट तारेसारखा ताणणारे पंपाचं बेअरिंग फुकट मारतात. फॅनचं एखादं पातं वाकलेलं असेल तर तेही आत्ताच बघा, तोल गेलेला फॅन बेअरिंगला मिनिटाला हजारो धक्के देतो. पंपावर ग्रीसचा स्क्रू असेल तर थोडंच ग्रीस. गनचे दहा दाब मारले की ग्रीस बेअरिंग ओलांडून सीलच्या तोंडावर जातं आणि नवं सीलही गळतं.

पाणी भरताना हवा अडकते. नदीवरची मोटर हवा धरते तेव्हा आपण प्रायमिंग करतो, तसंच हे. हळूहळू भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालवा, वरची होज हातानं दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा परत भरा आणि मग झाकण लावा. ते विसरलात तर नवा पंप घालूनही पुन्हा वाफ.

पाणी कुठलं, यावरून आमचा थोडा वाद झाला. बोअरचं नको, यावर एकमत. त्यातले क्षार किटलीच्या तळाला बसतात तसे सिलिंडरभोवती बसतात. मिस्त्रींच्या उमेदीच्या काळात रेडिएटरच्या पाण्यात लेथचं कटिंग ऑइल टाकायचे. लेथवर दुधासारखं पांढरं पाणी पडत असतं ना, तेच. गंज धरत नाही आणि सीलला थोडं वंगण मिळतं, हिशेब खरा होता. पण तेल होजचं रबर फुगवतं. मी डिस्टिल्ड वॉटर आणि हिरवं कूलंट घातलं. आपल्याकडं बर्फ पडत नाही, तरी कूलंट हवंच. ते गंज थांबवतं आणि उकळी थोडी लांबवते. दोन-तीन वर्षांनी त्यातलं गंजविरोधी औषध संपतं, रंग हिरवाच दिसला तरी. आणि दोन रंगांचं कूलंट एकत्र करू नका.

रात्री गाडीखाली जुना पेपर पसरून ठेवला. सकाळी काढून बघितला तर पंपाखालचा भाग कोरडा ठणठणीत. मागं, गिअरबॉक्सच्या तोंडाशी मात्र रुपयाएवढा तेलाचा काळा डाग होता. मिस्त्रींना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "त्यो असूदे. त्यो डाग दिसायचा बंद झाला की फोन करा. तेल संपलं म्हणायचं."